मागच्या नळाची रांग

१

त्या दिवशी सकाळपासून आभाळ राखेच्या रंगाचं होतं. ऊन नाही, पाऊस नाही. मार्च लागला होता आणि कोरडा वारा नव्या लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटांवरची धूळ उचलून घराघरांच्या पायऱ्यांवर आणून टाकत होता. परशुरामअण्णा पायरी झाडायचे, वारा धूळ आणायचा, ते पुन्हा झाडायचे. चिडायचे नाहीत. हुबळीच्या दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं काढलेला माणूस. गिऱ्हाईक तीस तागे उलगडायला लावतं, हात फिरवून बघतं आणि उठून जातं. मागं उरलेल्यानं एकेक तागा घडी घालून जागच्या जागी ठेवायचा. रागानं घडी नीट बसत नाही, एवढं शिक्षण अण्णांचं झालं होतं. दुसरं काही झालं नव्हतं. सहीसुद्धा मुलानं मोठेपणी शिकवलेली.

घर त्या मुलाचं, राघवेंद्रचं. हुबळी आणि धारवाड यांच्या मधोमध, ना इकडं ना तिकडं अशा जागी. वास्तुशांत होऊन नऊ दिवस झाले होते, पण बिऱ्हाड अजून धारवाडलाच, भाड्याच्या घरात. नातीची, सावनीची, परीक्षा एप्रिलात संपायची होती. वास्तुशांतीला आलेल्या बाळाचार्यांनी निघताना चप्पल घालता घालता सांगितलं होतं की, आता घर अंधारात ठेवायचं नाही, दोन्ही वेळा दिवा लागला पाहिजे, घरचं माणूस घरात निजलं पाहिजे. सगळ्यांनी अण्णांकडं पाहिलं, तेवढंच.

अण्णा राहिले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. कुठंतरी निजायचंच होतं. एप्रिल लागला की घर भरेल, सावनी शाळेतून येईल, दप्तर टाकून मांडीवर बसेल. त्या एका गोष्टीवर ते एकेक दिवस ढकलत होते.

२

घर दाखवायला आलेला एजंट मोठा बोलका होता. बसचा थांबा चालत दहा मिनिटं, शाळेची गाडी दारात, कोपऱ्यावर दूध केंद्र, त्याच्यापुढं गणपतीचं देऊळ, बागेत म्हाताऱ्या माणसांना फिरायला वाट आणि टेकायला बाकं. पाणी आठ दिवसांनी, पण आलं की दोन तास धो धो. पाणी साठवायची टाकी जमिनीत बांधलेली होती, फक्त मोटर बसवायची राहिली होती. तोवर मागच्या अंगणातला नळ होताच. त्या नळाला लागून एक लहानशी खोली. ही खास वयस्कर माणसांसाठी, असं एजंट म्हणाला आणि अण्णांकडं बघून हसला.

मग त्यानं घराचा इतिहास सांगितला. दहा वर्षांत तीन वेळा विकलं गेलेलं. पण राहिलं कोणीच नाही. प्रत्येकानं घेतलं, वास्तुशांत केली आणि येण्याआधीच विकलं. म्हणजे नवंकोरंच म्हणा की, असं तो म्हणाला. राघवेंद्रला ते पटलं. सून निवेदिता भिंतींवर हात फिरवत होती, तिलाही पटलं.

अण्णांना दुकानातली एक गोष्ट आठवली. एखादी साडी घरी दाखवायला म्हणून नेत आणि घडी न मोडता परत आणत. एकदा झालं तर काही नाही. तीनदा झालं की जुनी माणसं ती साडी मागच्या फळीवर ठेवून देत. तिच्यात खोट काही दिसायची नाही. पण ठेवून देत, आणि गिऱ्हाइकापुढं पुन्हा काढत नसत.

३

तर त्या राखाडी दिवशी पाण्याची पाळी होती. आदल्या संध्याकाळी अण्णांनी आपली स्टीलची घागर मागच्या नळाखाली नेऊन ठेवली होती. घरचा नळ, घागर अशी आधी ठेवायचं काही कारण नव्हतं. पण पेठेतल्या सार्वजनिक नळावर जन्म गेला होता. तिथला नियम असा की, घागर रांगेत ठेवली म्हणजे माणूस उभा राहिला. दुसऱ्याची घागर कुणी हलवायची नाही. पाणी आलं आणि घागरीचा धनी जागेवर नसला, तर मागच्यानं त्याची भरून बाजूला ठेवायची, मग आपली लावायची. या नियमावर भांडणं झाली, डोकी फुटली, पण नियम मोडला नाही.

सकाळी साडेदहाला पाणी सोडणारा माणूस सायकलवरून ‘नीर बंतु, नीर बंतु’, पाणी आलं, असं ओरडत गेला. अण्णा मागं आले. नळाखाली त्यांची घागर नव्हती. ती चौथी होती. तिच्यापुढं तीन घागरी ओळीनं लावलेल्या. पहिली पितळी, पोटाला पोचा आलेली. दुसरी अॅल्युमिनियमची. तिसरी निळी, प्लास्टिकची, गळ्याशी तार गुंडाळलेली.

अण्णांनी स्वतःशी उलगडा केला. घर दहा वर्षं रिकामं. नळाला जोर चांगला. आसपासचं कुणी गरीब मागच्या भिंतीवरून उतरून पाणी नेत असणार. भिंत काही फार उंच नाही. आता घरात माणूस आलंय म्हणून तोंड दाखवायला लाजत असतील. त्यांची पाळी आपल्याआधीची, हे तर खरंच होतं.

नळाच्या तोंडाला मलमलची दुहेरी चिंधी बांधून त्यांनी पितळी घागर भरली, बाजूला ठेवली. अॅल्युमिनियमची भरली. निळी भरली. मग आपली. आपली उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवायला त्यांना गुडघ्यांमुळं जरा वेळ लागला. परत आले तर तिन्ही घागरी गेलेल्या.

फरशीवर त्यांचे ओले गोल राहिले होते. आणि सांडलेल्या पाण्याची एक रेघ. ती भिंतीकडं गेली नव्हती. मागच्या फाटकाकडंही नव्हती. त्याची कडी तर गंजून धरलेली होती. रेघ त्या लहान खोलीच्या दाराशी गेली होती.

दाराला बाहेरून कडी होती, अण्णांनीच घातलेली. त्यांनी ती काढली. आत काही नाही. कोरडी फरशी, एक बंद खिडकी, आणि ओलं कापड दिवसभर पिळून ठेवल्यावर येतो तसा वास. त्यांनी पुन्हा कडी घातली. म्हातारपणी डोळ्यांना ओल आणि सावली सारखीच दिसते, असं ते मनात म्हणाले, आणि दिवसभर तेच म्हणत राहिले.

४

शेजारच्या हिराबाई रोज दुपारी कंपाउंडच्या भिंतीवरून जोंधळ्याची भाकरी आणि शेंगाची चटणी देत. साठीची बाई, जिभेला हाड नाही, पण मनानं मऊ. भाकरी देताना आधी टोमणा असायचा. सुनेनं तुम्हाला राखणीला बसवलंय की तपाला, असं त्या विचारत. अण्णा हसत.

त्या दिवशी अण्णांनी विषय काढला की, मागच्या नळावर कोण पाणी भरतं. हिराबाईंना ठाऊक नव्हतं. या ओळीत सगळ्यांकडं टाक्या आहेत, मोटरी आहेत, घागर घेऊन कोण फिरतंय आता, असं त्या म्हणाल्या. मग भिंतीवर कोपर टेकून त्यांनी आधीच्यांची हकिकत सांगितली. प्रत्येक वेळी असंच. मुलं घर घेत, वास्तू करत, आणि येईपर्यंत म्हाताऱ्या माणसाला दिवा लावायला आणून ठेवत.

“पहिली ती कलघटगीची आजी,” हिराबाई म्हणाल्या. “पितळी घागरीशिवाय तिला पाणी गोड लागायचं नाही. एवढीशी बाई आणि एवढी थोरली घागर.”

अण्णांच्या हातात भाकरी तशीच राहिली. मग ती गेली कुठं, असं त्यांनी विचारलं.

“नेलं असेल की मुलांनी. मी काही जाताना बघितलं नाही. एक दिवस घराला विकायचा बोर्ड लागला, तेव्हा कळलं.”

आणि नंतरचे दोघं, त्यांच्या घागरी कशा होत्या, हे विचारायला अण्णांनी तोंड उघडलं होतं. पण विचारलं नाही. काही मापं न घेतलेलीच बरी असतात.

५

पुढची पाण्याची पाळी आली, तेव्हा त्यांनी घागर आधी नेऊन ठेवली नाही. मुद्दाम स्वयंपाकघरातच ठेवली. सकाळी मागं जाऊन बघितलं.

दोन घागरी होत्या. अॅल्युमिनियमची आणि निळी. पितळी नव्हती. निळीच्या मागं फरशीवर एक ओला गोल होता, अण्णांच्या घागरीच्या बुडाएवढा. वितीनं मोजायची गरज नव्हती. नजरेतलं माप त्यांचं कधी चुकलं नव्हतं.

जागा राखलेली होती.

कुणी आजारी पडलं, कुणाला यायला उशीर झाला, तर पेठेतली माणसं अशीच जागा राखत. पुढच्याला सांगत, इथं परशुराम आहे. त्यांची बायको बाळंतीण होती तेव्हा महिनाभर त्यांची जागा राखली होती लोकांनी. कोणी आपली जागा राखली आणि आपण गेलो नाही, हे अण्णांच्या हातून उभ्या जन्मात झालं नव्हतं. ते आत गेले, घागर आणली आणि त्या गोलावर ठेवली. बरोबर बसली.

पाणी आलं. त्यांनी दोन घागरी भरून बाजूला ठेवल्या, आपली भरली. या वेळी आत न जाता ते तिथंच दगडावर बसून राहिले, कोण नेतंय ते बघायला. वारा थांबला होता. दूध केंद्राकडून कुणाच्या तरी मोबाईलचं गाणं येत होतं. डोळा लागला असावा. उठले तेव्हा त्या दोन घागरी नव्हत्या आणि लहान खोलीची कडी निघालेली होती.

त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. एकच विचार घोळत राहिला. रांगेतून पहिलं माणूस कधी मोकळं होतं? पितळी घागर गेल्या खेपेपर्यंत होती. दहा वर्षं ती पहिलीच होती म्हणायची. मग मागं चौथा वाढला, आणि ती सुटली.

तर आता पुढची सुटायला काय लागेल, इथं येऊन विचार थांबला. अण्णांनी तो थांबवला.

६

पुढच्या पाण्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. राघवेंद्र, निवेदिता आणि सावनी जेवण घेऊन आले. पुरणपोळी होती, कटाची आमटी होती. निवेदितानं पडद्यांची मापं घ्यायला सासऱ्यांना हाताशी धरलं आणि किती दिवसांनी कुणाला आपला उपयोग झाला म्हणून अण्णा सुखावले. या खिडकीला अमुक, त्या खिडकीला तमुक. टेप न लावता सांगत गेले. राघवेंद्र मागून येऊन टेपनं पडताळत होता आणि सूतभरही फरक निघत नव्हता.

सावनी मागच्या अंगणात गेल्याचं त्यांना उशिरा लक्षात आलं. नऊ वर्षांची पोर. वास्तुशांतीच्या दिवशी पाण्यानं भरलेली तांब्याची कळशी डोक्यावर धरून तीच पहिली घरात आली होती. धारवाडच्या सुभाष रोडवरून तिनं स्वतः निवडून घेतलेली कळशी. अण्णा मागं पोचले तेव्हा तिनं ती कळशी नळापाशी, अण्णांनी सकाळीच ठेवलेल्या घागरीच्या मागं नेऊन ठेवली होती. इतकी सरळ, दोरी धरल्यासारखी.

“तिथं नको, बाळ,” अण्णा म्हणाले.

का, असं तिनं विचारलं. अण्णांनी हात पुढं केला तर तिनं कळशीवर दोन्ही तळवे ठेवले. राघवेंद्र दारातून बघत होता. तो दमलेला होता. बँक, घराचे हप्ते, पोरीचा अभ्यास. असू द्या हो अण्णा, उद्या पाणी आलं की भरून ठेवा, काय बिघडतंय, असं तो म्हणाला. अण्णांनी मान हलवली. ही मंडळी गेली की उचलू, असं त्यांनी ठरवलं.

निघायला साडेसहा झाले. गाडीच्या खिडकीतून सावनीनं तोंड बाहेर काढलं.

“अज्जा, माझी पाळी कुणाला द्यायची नाही हां.”

गाडी वळेपर्यंत अण्णा उभे राहिले. मग आत आले. कळशी उचलायची होती, पण दिवेलागण झाली होती आणि आधी दिवा, मग बाकी सगळं, ही त्यांची रीत. वात वळली. तेल घातलं. काडी विझली, दुसरी ओढली. सगळं सावकाश, जसं ते नेहमी करत.

आणि मागं नळ आला. एक दिवस आधी, सायकलवाला ओरडलाही नाही.

७

अण्णा देवापुढं बसूनच ऐकत राहिले. जन्मभर ऐकलेला आवाज तो. रिकाम्या घागरीत पाणी पडतं तेव्हा जाड, भरत येते तसा बारीक होत जाणारा. आणि प्रत्येक घागरीचा वेगळा. अॅल्युमिनियमची कशी पत्र्यासारखी वाजायची. ती वाजली नाही.

आधी प्लास्टिकचा मुका आवाज आला. निळी भरली. नळ तसाच चालू, पण धार तुटली. कुणीतरी घागर बदलली. मग स्टील. आपली घागर भरताना अण्णांनी ऐकली. ती भरली, बाजूला झाली. फरशीवर बूड घासल्याचा आवाज आला.

मग बारीक, गोड, तांब्याचा.

ते उठले. गुडघ्यांनी जेवढं उठू दिलं तेवढ्या वेगानं उठले, भिंत धरत स्वयंपाकघरात आले. खिडकीच्या जाळीतून मागचं अंगण दिसत होतं. उजेड जात होता, तरी दिसण्याइतका होता. नळाखाली कळशी होती. कळशी लहान, धार मोठी. ती कलंडू नये म्हणून एका हातानं तिला गळ्याशी धरलं होतं. म्हातारा हात. पाण्यात राहून राहून पांढरी पडलेली, सुरकुतलेली बोटं. माणूस भिंतीआड होता. हात तेवढा कोपरापर्यंत दिसत होता. बाहीचं कापड अण्णांनी लगेच ओळखलं. निळी बारीक चौकट, दोसुती. दुकानातून निवृत्त झाले त्या दिवशी मालकांनी त्याचाच शर्ट दिला होता.

तो त्यांच्या अंगात होता.

अण्णांनी खाली पाहिलं. उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती, आणि बोटांतून पाणी ठिबकत होतं.

पुन्हा वर बघितलं तेव्हा नळ बंद होता. कळशी काठोकाठ भरलेली. शेजारी कुणी नाही.

मीच भरली असेन, असं ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. मीच गेलो असेन, भरली असेल, आणि विसरलो. या वयात होतं. पण आतल्या देवापाशी आत्ताच लावलेली काडी अजून धुमसत होती, तिचा वास येत होता.

८

ते मागं गेले. कळशी रांगेतून उचलली. पेठेत आपली घागर रांगेतून काढली की पाळी गेली, पुन्हा तक्रार करायची नाही. सावनीची पाळी गेली, असं त्यांनी नळाकडं बघून सांगितलं, जसं कुणाला तरी सांगावं तसं. कळशीतलं पाणी भिंतीकडेच्या माडाच्या मुळाशी ओतलं, कळशी पुसून कोरडी केली, धोतराच्या फडक्यात बांधली. आपली घागर मात्र त्यांनी तिथंच राहू दिली. कुणीतरी शेवटचं राहिलं पाहिजे, असं त्यांना वाटलं. आपण शेवटचे राहिलो, तर मागं कोणी नाही.

मग राघवेंद्रला फोन लावला. फोनवर त्याचा फोटो होता, तो दाबला की लागायचा. अण्णा म्हणाले, हे घर विक. पोरीला इथं आणू नकोस. मला उद्या घेऊन जा.

“चौथ्यांदा बोर्ड लावू म्हणता, अण्णा?” राघवेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. नुसता शीण होता. मग, सकाळी येतो, बोलू, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

सकाळी आभाळ तसंच राखेसारखं होतं. अण्णांनी दिवा लावला, पिशवी भरली, फडक्यातली कळशी छातीशी धरून पुढच्या फाटकाशी येऊन बसले. मागच्या दाराकडं बघितलंसुद्धा नाही. आठ वाजले. शाळेची पिवळी गाडी येऊन गेली. नऊ वाजले. पायरीवर धूळ साचली आणि आज त्यांनी ती झाडली नाही.

साडेनवाला फोन वाजला. राघवेंद्र होता. उशीर होतोय, असं म्हणाला. सावनी अजून उठली नाही, हाका मारल्या तरी गाढ झोपलीय, कालच्या दगदगीनं असेल. उठली की निघतो. अण्णा बरं म्हणाले. कळशी मांडीवर घेतली. फडक्याला ओल लागत होती. रात्री कोरडी केली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं.

शेजारच्या भिंतीवर हिराबाईंचं तोंड दिसलं. त्यांनी अण्णांची पिशवी बघितली, मग अण्णांकडं बघितलं, आणि नेहमीसारखं आधी हसल्या.

“चाललात व्हय, अण्णा? आणि नातीला एकटीलाच ठेवून? मागं नळापाशी बसलीय की ती पहाटेपासनं. मी म्हटलं, ये गं, भाकरी खा. तर म्हणते, माझी पाळी आल्याबिगर उठणार नाही.”